जानेवारीत बुडापेस्ट

युरोप बघायचा तर उन्हाळ्यातच, असं घरी सगळ्यांना वाटतं. सुट्टी काढून भारतातून येणाऱ्यांसाठी ते बरोबरही असेल. पण इथे म्युनिकमध्ये राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. घरभाडं आणि विमा वजा जाऊन हातात जे उरतं, त्यात मित्रांबरोबर कुठे जायचं असेल तर मी जानेवारी सुचवेन, आणि गाव सुचवेन बुडापेस्ट. नाताळचे बाजार उठलेले असतात, राहण्याचे दर उतरलेले असतात, आणि या शहराची खरी चैन थंडीतच कळते.

म्युनिकहून थेट रेल्वे आहे, व्हिएन्नामार्गे सातेक तासांची. तिकीट बरंच आधी काढलं की खूप स्वस्त पडतं. हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे जर्मनीचं रहिवासी कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवायचा. चलन युरो नाही, फोरिंट. एटीएमवर ‘युरोत रूपांतर करून देऊ का’ असं विचारतात, तिथे ठामपणे नाही म्हणायचं, कारण त्या रूपांतराचा दर हमखास महाग असतो. आम्ही चौघांनी निघण्याआधीच काँट्री काढून एकाच्या कार्डावर जमा केली होती. मित्रांबरोबर फिरताना दर जेवणानंतर हिशेब मांडत बसण्यापेक्षा हे फार बरं.

डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुदा, दुसऱ्या काठाला पेश्त. आम्ही राहिलो पेश्तच्या बाजूला, सातव्या प्रभागात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत. तिथल्या जुन्या इमारती मला मनापासून आवडल्या. रस्त्यावरून दिसतो नुसता भारदस्त दरवाजा. आत शिरलं की मधे मोकळा चौक, आणि प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती फिरणारी लोखंडी कठड्याची गॅलरी, तिच्यातच एकेका घराचं दार. गिरगावातली चाळच जणू, फक्त छत उंच आणि दारं दुपटीने मोठी. समोरच्या आजी सकाळी लोकरीची टोपी घालून आपल्या दारापुरती गॅलरी झाडायच्या आणि मान हलवून आम्हाला नमस्कार करायच्या. हॉटेलात उतरलो असतो तर हे दिसलंच नसतं.

खाण्याची चिंता नको. आमच्यातली कोल्हापूरची मैत्रीण पूर्ण शाकाहारी, तरी तिचं कुठे अडलं नाही. लांगोश म्हणजे आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी चकती, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकात दुपार निभते. त्याहून चांगलं म्हणजे फोझेलेक: मटार, भोपळा, पालक किंवा मसूर शिजवून दाट केलेली भाजी. वर मांस किंवा अंडं घालायची पद्धत आहे, ते नको म्हणून सांगायचं. नवीन वर्षाच्या सुरुवातीला पैसा यावा म्हणून इथले लोक मसूर खातात. १८९७ साली उघडलेली मोठी मंडई रविवारी बंद असते, तेव्हा पाप्रिका, म्हणजे इथली लाल मिरचीची पूड, घ्यायची असेल तर आधीच जाऊन या.

दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते. जानेवारीत साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि पलीकडे बुदाचा राजवाडा, अलीकडे संसद, दोन्ही उजळतात. बोटीच्या सफरीचे पैसे आम्ही वाचवले ते या ट्राममुळे. रोजच्या पासात ती होतेच.

पण संसदेजवळ उतरून काठाने साखळी पुलाकडे थोडं चाललंच पाहिजे. तिथे पाण्याच्या अगदी कडेला लोखंडी बूट ठेवलेले आहेत, साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी इथे ज्यूंना ओळीने उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. हे स्मारक २००५ सालचं. टाचा झिजलेले, नाड्या सुटलेले बूट. त्यांत एक लहान मुलाचा जोड आहे, त्यात कुणीतरी विझलेली मेणबत्ती आणि एक गोटा ठेवला होता. नदीवरून येणाऱ्या वाऱ्याने आमचे पाय दुहेरी मोज्यांतही बधिर झाले होते. हाच महिना, हाच वारा आणि अनवाणी माणसं, हे तिथे उभं राहिल्यावर जसं अंगावर येतं तसं वाचून येत नाही. आम्ही राहत होतो ती वस्तीही त्यांचीच, हे नंतर सारखं मनात येत राहिलं.

आता त्या चैनीबद्दल. एक नंबरची मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. थोड्याच पायऱ्या उतरलं की पांढऱ्या फरशांचं छोटंसं स्टेशन, आणि छोटीशी पिवळी गाडी. ती थेट सेचेन्यी स्नानगृहापाशी सोडते. हे स्नानगृह १९१३ साली सुरू झालं. पाणी जमिनीखाली खूप खोलवरून, सत्तर अंशांच्याही वर तापलेलं येतं. ते निववून कुंडांत सोडतात. बाहेर उघड्यावर शून्याच्या आसपास थंडी, कुंडात अडतीस अंशांपर्यंत ऊब. वाफ इतकी की दहा हातांवरचा मित्र दिसेना. पिवळ्या इमारतीच्या चौकात छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारेबुवा बुद्धिबळ खेळत होते, ओल्या बोटांनी प्यादी सरकवत, आणि भोवती जमलेले लोक चाली सुचवत होते.

तिकीट स्वस्त नाही. तरीही इथे हात आखडू नका. वाचवायचं तर सोमवार ते गुरुवारात जा, तेव्हा दर कमी असतो. टॉवेल आणि चपला घरूनच न्या.

सांधेदुखीसाठी हंगेरीत डॉक्टर अशी स्नानं लिहून देतात, हे तिथे बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी सांगितलं. आमच्या नागपूरकराने त्याच रात्री आईला फोन केला. तिचे गुडघे बरीच वर्षं दुखतात. पुढच्या हिवाळ्यात ती येतेय, आणि रेल्वेची तिकिटं कधी सुटतात यावर आत्तापासून त्याचं लक्ष आहे.