दुपारची कडी
गेल्या फेब्रुवारीत, कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर, एका सुनसान दुपारी कोणीतरी आमच्या दाराची कडी वाजवली. कुरिअरचा मुलगा माझ्या लेकीची पुस्तके घेऊन आला होता. पण दार उघडेपर्यंत माझे तळहात गार पडले होते, घशाला कोरड पडली होती आणि तो गेल्यावर मी लेकीवर अशी ओरडले की ती भरल्या ताटावरून उठून गेली. पुस्तके तिने मला विचारूनच मागवली होती.

त्या रात्री झोप आली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी उलंगवाडीनंतर सावकाराचा माणूस नेमका दुपारीच यायचा. बाबा आतल्या खोलीत बसलेले असायचे आणि आठ वर्षांची मी दाराआडून ‘बाबा वावरात गेले’ असे सांगायचे. तो कडी तीनदा वाजवायचा. कडी आपटून आपटून दाराच्या सागवानी फळीला एक खळगा पडला होता, त्यात माझी करंगळी बरोबर मावायची.

मेंदूतला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची खूण इतक्या झटकन पकडतो की विचार जागा होण्याआधीच शरीर सावध होते; दाराबाहेर सावकाराचा माणूस आहे की कुरिअरचा मुलगा, हे मला कळेपर्यंत माझे हात गार पडलेलेच असतात. कारण सापडले म्हणजे दुखणे गेले, असे मी आधी समजत होते. तसे झाले नाही.

मानसोपचारासाठी आमच्या गावाहून जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, म्हणून मी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते. समुपदेशक ताईंशी बोलून ठरले ते असे: रोज दुपारी लेकीने बाहेरून कडी वाजवायची, मी हात, घसा, छाती यांत काय होते आहे ते मनात शब्दांत म्हणायचे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा आणि मग स्वतः दार उघडायचे. लेकीने हे काम फार मनापासून केले. महिनाभरात हात गार पडेनासे झाले.

पोळ्यानंतर मात्र एका दुपारी सगळे जसेच्या तसे परतले आणि मी खचले. पुढे वाचनात आले की रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगांतही कुत्र्यांची अन्नाची खूण मिळताच लाळ गाळण्याची, मावळलेली सवय काही काळाच्या विश्रांतीनंतर पुन्हा उमटत असे. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी रुजवावी लागते, हे तेव्हा पटले आणि आम्ही पुन्हा कडी वाजवू लागलो.

माझ्या मनात कडीपेक्षाही खोल रुतलेले होते ते माझे खोटे बोलणे. गेल्या दिवाळीत मायजवळ ते पहिल्यांदा बोलले, तेव्हा ती कापसाच्या वाती वळत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “तुले मीच तसं सांगाले लावलं होतं न पोरी. तुया काय दोष होता त्यात?” मग बराच वेळ आम्ही दोघी वातीच वळत राहिलो.

आता मी पहिल्या ठोक्यालाच उठते. तिसऱ्या ठोक्याला अजूनही छातीत धडधडते.