दोनशे मीटरचं वर्तुळ

गोतोविना खटला, म्हणजे युद्धात शहरांवर केलेला तोफांचा मारा बेकायदा होता का याचा खटला, शिकवताना विद्यार्थ्यांच्या हातात मी आधी कंपास देतो, कायद्याची कलमं नंतर. क्रोएशियातल्या क्निन शहराचा नकाशा, टोक लष्करी मुख्यालयावर, त्रिज्या २०० मीटर. आत साडेबारा हेक्टर येतात, म्हणजे एकतीस एकर. त्रिज्या ४०० केली की क्षेत्र चौपट होतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते दरवेळी कागदावर करून दाखवावं लागतं. परवा एकीने विचारलं, "सर, पण हे २०० आले कुठून?" अपिलात खटला याच प्रश्नावर बुडाला.

क्रोएशियाच्या सैन्याने ४ आणि ५ ऑगस्ट १९९५ ला बंडखोर सर्बांच्या ताब्यातल्या क्निनवर १३० मिमीच्या तोफा आणि १२२ मिमीचे रॉकेट लाँचर चालवले. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने एप्रिल २०११ मध्ये या सैन्याच्या जनरल आंते गोतोविनाला २४ वर्षांची शिक्षा दिली. ओळखलेल्या लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपलीकडे पडलेला गोळा शहरावरच टाकलेला, असं धरून खड्डे मोजले होते. असे खड्डे होते जेमतेम ५ टक्के.

मुळात तोफेचे गोळे वर्तुळात पडतच नाहीत. ते माऱ्याच्या दिशेने लांब आणि आडवे कमी, असे लंबगोलात पसरतात. अंतर वाढलं, नळी झिजली, दारूचं तापमान बदललं, वरच्या हवेतल्या वाऱ्याची माहिती शिळी झाली, की हा लंबगोल ताणतो. रॉकेट तर तोफेपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तरी खटल्यात क्निनसह चार गावं, वेगवेगळी अंतरं, दोन जातींची हत्यारं, आणि माप एकच! नोव्हेंबर २०१२ मध्ये अपील कक्षाने म्हटलं, या आकड्याला पुराव्यात आधार नाही. आणि ३ विरुद्ध २ मतांनी गोतोविना सुटला.

आकडा चुकला होता हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर बाकीचा पुरावाही गेला, तो का? शहरं तोफखान्याच्या माऱ्याखाली आणा, असा गोतोविनाचा लेखी आदेश होता. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं ५१ वं कलम नेमकं हेच मना करतं: शहरातली वेगवेगळी लष्करी लक्ष्यं एकच समजून अख्ख्या वस्तीवर मारा करायचा नाही. आदेशाचा अर्थ 'शहरातल्या लक्ष्यांवर मारा' असाही लावता येतो, हे खरं. पण तो अर्थ तपासायला मीटर लागत नाहीत. शिवाय बंडखोर सर्बांचा नेता मिलान मार्तिच राहत असलेल्या इमारतीच्या दिशेने १३० मिमीचे गोळे सोडले होते. रहिवासी इमारतीतल्या एका माणसासाठी हे हत्यार का, हा प्रश्न प्रमाणाच्या तत्त्वाचा (लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी नको), तोही वर्तुळाबाहेरचा. अल्पमतातल्या दोघांची तक्रार हीच होती. बहुमताने निकाल नीट खोडला, पण योग्य माप कोणतं ते सांगितलंच नाही. न्यायालयांची ही सवय मला खटकते.

भारताने तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, तरी भेद (लष्करी लक्ष्य आणि नागरिक यांतला), प्रमाण आणि खबरदारी हे नियम रूढीनेही लागू होतात. त्यात 'शक्य ती खबरदारी' असं आहे, मीटर नाहीत. आणि सेनापतीला जोखायचं ते मारा करण्यापूर्वी त्याला जे माहीत होतं त्यावर, नंतरच्या खड्ड्यांवर नव्हे. खड्डा पुरावा असतो, निकष नसतो.

म्हणून आता उत्तरात कुठलाही आकडा लिहिला तर शेजारी हत्यार, अंतर आणि तो कुठून घेतला हे मांडायला लावतो. परवा बहुतेकांनी २०० खोडून १०० लिहिले. शेजारचा रकाना कोराच होता.