उरीयाच्या वाटेनं

जॉर्डनमधल्या अम्मानच्या जबल अल-कला टेकडीवर आमचा गट फोटो काढण्यात गुंतला होता. हर्क्युलिसच्या देवळाचे उंच खांब, बाजूला एका भल्यामोठ्या संगमरवरी पुतळ्याची तुटून पडलेली बोटं, खाली रोमन नाट्यगृह. पाळकसाहेबांनी टेकडीच्या कडेकडे हात केला आणि म्हणाले, "हेच राब्बा. अम्मोनी लोकांची राजधानी. आपला उरीया इथंच पडला."

मी फोन खिशात टाकला. दावीद राजा यरुशलेमात भेटेल अशी माझी समजूत होती. त्याआधी त्यानं मारलेला माणूस भेटला. दाविदानं गच्चीवरून उरीयाची बायको बथशेबा पाहिली, तिला बोलावून घेतलं, ती गरोदर राहिली, आणि ते झाकता येईना तेव्हा त्यानं आपल्याच सैनिकाला, उरीयाला, लढाईत मारवलं.

२०१९च्या मार्चमध्ये आम्ही नगरहून पवित्र भूमीच्या यात्रेला गेलो होतो. आधी जॉर्डन, मग अॅलनबी पुलावरून पलीकडे. ही कथा मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकत आलोय, पण तिचा रस्ता कधी डोळ्यांपुढे आला नव्हता. अम्मान ते यरुशलेम हवाई अंतर जेमतेम ७० किलोमीटर. मध्ये मात्र यार्देनेचं खोरं आहे, समुद्रसपाटीच्या जवळपास ४०० मीटर खाली. तिथून यरिहोजवळून वर चढायचं, ते थेट साडेसातशे मीटरच्या आसपास. आमची बस त्या चढावर गुरगुरत होती. दाविदानं लढाईवरून बोलावून घेतलं तेव्हा उरीया हे खोरं उतरून चढला, आणि परत तसाच गेला. जाताना त्याच्या हातात राजाची चिठ्ठी होती, सेनापती यवाबासाठी. उरीयाला तुंबळ लढाईच्या तोंडी उभा करा आणि तुम्ही मागं सरा, म्हणजे तो मरेल.

स्वतःच्या मरणाचा कागद स्वतः वाहून न्यायचा, आणि ज्यानं दिला त्याच्यावर विश्वास आहे म्हणून तो उघडूनही बघायचा नाही! लोक या कथेत बथशेबेपाशी थांबतात. मी त्या चिठ्ठीपाशी थांबतो. गच्चीवरची नजर एका संध्याकाळची होती. चिठ्ठी मात्र रात्रभर विचार करून सकाळी शांतपणे लिहिलेली.

दाविदाचं नगर जुन्या यरुशलेमच्या दक्षिण तटाबाहेर आहे, एक अरुंद उतरती डोंगरसोंड. पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांनी २००५पासून इथं उत्खनन केलं. वर सापडलेल्या मोठ्या भिंती दाविदाच्या राजवाड्याच्याच, असं त्यांचं म्हणणं होतं. इतर अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. पण वरच्या सज्जावर उभं राहिलं की त्या वादाशिवायही एक गोष्ट कळते. समोर किद्रोनचा ओहळ, पलीकडे सिल्वान गावाची घरं एकावर एक रचल्यासारखी. एकाच्या अंगणावर दुसऱ्याची गच्ची. पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळत घातलेली पोरांची कापडं, सगळं स्पष्ट दिसतं. उंचावर राहणाऱ्याला खालच्याचं घर उघडंच असतं.

तिथं पाळकसाहेबांनी दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय वाचला. नाथान संदेष्टा राजाकडे येतो, आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे कळप होते, गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्या ताटात जेवणारी, कुशीत निजणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं तीच कापली. दावीद संतापून म्हणतो, त्यानं चौपट भरून द्यावं. कायदा त्याला पाठ होता. मग नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस."

मी सज्जाचा कठडा धरून होतो. अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या ताईकडून जमिनीचं हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. आमच्यात कायद्यानं मुलीचा वाटा मुलाइतकाच. मी तिला सांगितलं, नुसती नावं कमी-जास्त करायचीत. जुन्या कागदांची फाइल तिच्याकडे होती. ती एसटीनं आली, फाइल कापडी पिशवीत छातीशी धरून, आणि मी बोट ठेवीन तिथं सह्या करत गेली. वर येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. चटणीचा तो डबा मला यरुशलेमात दिसत होता.

दुपारी सियोन डोंगरावर दाविदाची म्हणून दाखवतात त्या कबरीपाशी गेलो. पवित्र शास्त्र सांगतं की त्याला दाविदाच्या नगरात पुरलं, म्हणजे खाली. तरी लोक इथं शतकानुशतकं येतात. मखमलीनं झाकलेली शिळा, पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे, हलक्या आवाजात स्तोत्रं. मी एक्कावन्नावं काढलं, नाथान येऊन गेल्यानंतरचं. त्यातली "तुझ्याविरुद्धच मी पाप केले" ही ओळ मला कायम टोचत आली आहे. मग उरीयाचं काय? देवाशी हिशेब मिटला की माणसाशी मिटतो का? मला तसं वाटत नाही. शास्त्रालाही वाटत नसावं. दाविदाच्या सदतीस वीरांची यादी संपते ती "उरीया हित्ती" या नावावर. कित्येक शतकांनी मत्तयानं येशूची वंशावळ लिहिली, तीतही बथशेबेचं नाव नाही. दाविदापासून तिला झालेल्या शलमोनाची आई म्हणजे उरीयाची बायको, एवढंच. क्षमा मिळालेल्या राजाच्या घराण्यात उरीयाचं नाव कायमचं राहिलं. आणि क्षमा मिळूनही मूल गेलं, पुढं दुसरा मुलगा अबशालोम उलटला. सकाळी पाहिलेला तोच किद्रोन ओलांडून दावीद अनवाणी, रडत जैतुनाचा डोंगर चढला.

संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला. "ताई, ते हक्कसोडपत्र मी तुला फसवून करून घेतलं."

बराच वेळ काहीच नाही. मागं तिच्याकडचा कुकर वाजला.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "तिकडं थंडी आहे का? स्वेटर घाल."

परत आल्यावर बक्षीसपत्र केलं. विहिरीकडची दोन एकर आता तिच्या नावावर आहेत, सातबारा मी स्वतः नेऊन दिला. भाचीनं दार उघडलं, कागद घेतला, आणि मला आत ये म्हणाली नाही.