सावली तारण ठेवली तर

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. प्रश्न असा: ऊसतोड, जात, दुष्काळ हे सगळं आपल्याकडं उघड्यावर पडलेलं असताना त्यात शाप, भुतं, दैवी शक्ती घालून डार्क फँटसी कशाला लिहायची? त्यानं दुःख हलकं होत नाही का? नव्यानं लिहायला लागलेली पोरं-पोरी हे फार विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

हलकं होतं. अद्भुताची किंमत कुणीच मोजली नाही, किंवा भलत्याच माणसाच्या माथी मारली, की हमखास होतं. पण अद्भुत आणि अन्याय यांची गाठ मराठवाड्यात आपण मारलेली नाही, ती फार जुनी आहे. औंढा नागनाथला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जायला सांगितलं, म्हणून देऊळच फिरलं अशी कथा आहे. नंदी अजून देवळाच्या मागं आहे. पैठणला रेडा वेद म्हणाला तो शुद्धिपत्रासाठी ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं म्हणून; आणि त्याआधीच आईबाप देहान्त प्रायश्चित्त भोगून गेले होते. त्याच पैठणात एकनाथांनी श्राद्धाचं अन्न गावकुसाबाहेरच्यांना वाढलं, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन जेवले. तिन्ही ठिकाणी चमत्कार कुठं घडतो ते बघा. जिथं कुणालातरी अडवलंय, नेमका तिथंच.

म्हणून राक्षस नंतर शोधा, आधी गावाचा नकाशा काढा. काळी म्हणजे शेतजमीन कुठं, पांढरी म्हणजे वस्ती कुठं, वेस, पार, गढी, आड, ओढ्याचं वरचं पाणी कुणाचं, खालचं कुणाचं, मसणवाटा किती आणि कुणाच्या. कोण कुठं जाऊ शकत नाही त्या जागी खूण करा. कथेतल्या शक्तीचा नियम या खुणांमधूनच यायला हवा. ‘सगळ्या गावाला शाप लागला’ असं लिहिलं की कथा तिथंच ढासळते, कारण खरं संकटसुद्धा सगळ्यांवर सारखं येत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा तहान सगळ्यांची होती, पण कुणाच्या घरावर टाकी होती, कुणाकडं दोन घागरी.

आता नियम कसा बांधायचा ते एका उदाहरणानं सांगतो, कारण नुसतं बोलून ते हाताला लागत नाही.

ऊसतोडीचा हिशेब घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. कामाला न गेलेला दिवस म्हणजे खाडा, त्याचा दंड. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. खाडा पडू नये म्हणून कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या बायकांचा प्रश्न 2019 मध्ये बीड जिल्ह्यातून पुढं आला. हे वास्तव जसंच्या तसं उचलून त्यावर भूत बसवू नका. हिशेबाचा सांगाडा तेवढा घ्या आणि तारण बदला.

समजा, मुकादम सावली तारण ठेवून घेतो. सावलीच का? कारण याच सावलीचा एकेकाळी विटाळ मानला गेला. जी अंगावर पडू नये म्हणून माणसांना रस्त्यावरून हाकललं, तिलाच आता मोल आलंय. जोडप्याचा कोयता एक, म्हणून सावलीही एकच धरली जाते, आणि वहीत अंगठा नवऱ्याचा असला तरी कापली जाते बायकोची. तिला कुणी विचारत नाही. एका खाड्याला एक बोट. बारा बोटं म्हणजे वीत.

इथं जाणता वाचक लगेच अडवेल: सावली मोजायची किती वाजता? संध्याकाळी ती दोन पुरुष लांब असते, बारा बोटं गेली तरी कळणार नाही. या एका भोकातून अख्खी कथा गळते. म्हणून माप टळटळीत दुपारचं, सूर्य डोक्यावर असतानाचं. शिवाय आपल्याकडचं भय दुपारचंच आहे. कोकणातली दाट झाडी नि देवचार इकडं आणले की उसने वाटतात. इथं उघडं रान, लांबवर एक बाभूळ, आणि बाराच्या ठोक्याला ओढ्याकडं जाऊ नको म्हणणारी आजी.

दुपारचं माप धरलं की आकडे स्वतःच कथा रचायला लागतात. बीडच्या अक्षांशावर पाच फूट उंचीच्या बाईची भर दुपारची सावली डिसेंबरच्या मध्यावर साधारण सहा वीत भरते. मार्चअखेर ती दोन वितींवर येते. एप्रिलच्या मध्यावर जेमतेम वीतभर. म्हणजे डिसेंबरात बारा खाडे झाले तर कुणाला दिसतसुद्धा नाहीत, आणि हंगाम संपता संपता तेच बारा खाडे तिची उरलेली सगळी सावली खातात. फडात लेकरू आईच्या सावलीला निजवलेलं असतं. आता किंमत कोण मोजतंय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चार हजार शब्दांच्या कथेला एवढा एकच नियम पुरतो. तो पहिल्या पाच-सहाशे शब्दांत, काम चालू असताना दाखवा. कुणाच्या तोंडून समजावू नका. दुसरी जादू आणली की पहिलीचा धाक जातो. मुकादमाला सैतान करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यानं कथा फार सोपी होते. त्यानंही कारखान्याकडून उचल घेतलेली असते. त्याची सावली कुणाच्या वहीत आहे ते एका ओळीत दाखवा.

अध्यात्माबद्दल मात्र जास्त जपावं लागतं. देवाला फौजदार करू नका, की शेवटी आला आणि दुष्टाला शिक्षा करून गेला. अंगात येणं दाखवायचं तर भाषेकडं लक्ष द्या. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी सून अंगात आल्यावर त्याला अरे-तुरे करते, आणि तो हात जोडून ऐकतो. भय आणि मोकळीक दोन्ही त्या ‘अरे’मध्ये आहे. एकनाथांच्या भारुडात झपाटणारं भूत म्हणजे देवच निघतो, इतकी मोकळीक आपल्या परंपरेत आहे. पण तुमची बाई बौद्ध घरातली असेल तर ती देवीची परडी हातात घेणार नाही. तिच्या घरात 22 प्रतिज्ञा पाठ असतात. सावली कापली जाते हे डोळ्यांनी दिसत असताना ती काय मानेल, हा त्या कथेतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा प्रसंग होईल.

आणि भानामती, म्हणजे करणी. मराठवाड्यात हा आरोप खऱ्या बायकांवर झालेला आहे, त्यापायी त्यांना मारहाण झालेली आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कथा लिहायला आड येत नाही, पण कथेत एखाद्या गरीब बाईवरचा आरोप खरा ठरवलात, तर तुम्ही मारणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिलात. शक्ती खरी असू द्या, आरोप खोटा.

शेवट नियमातूनच काढायचा, नियम मोडून नव्हे. मेच्या मध्यावर मराठवाड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मुकादम, कारखानदार, कोयता, सगळ्यांची सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. इथंच ‘सगळे सारखे झाले’ म्हणून कथा संपवावीशी वाटेल. संपवू नका. त्या दिवसानंतर दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडायला लागते. वहीतली सगळी मापं उत्तरेची आहेत. दक्षिणेची सावली कुणी तारण लिहून घेतलेली नाही. ती बाईच्या पायाशी पुन्हा उमटते, बोट-बोट वाढते, आणि जुलैअखेरपर्यंत तिचीच राहते. मग सूर्य परत डोक्यावरून दक्षिणेला सरकतो, सावली उत्तरेला वळते. तोवर पुढच्या हंगामाची उचल दारात आलेली असते, आणि वही या खेपेला तिनं आधी बघितलेली असते.