काढणीआधीची शेवटची फेरी

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली की मी फवारणीचा विचार सोडून देतो. दाणे भरले असतील तर पानं खाणाऱ्या अळीने आता फारसं बिघडत नाही. शेंगा पोखरणारी अळी मात्र शेवटपर्यंत त्रास देते, म्हणून शेंगा हातात घेऊनच बघायच्या. औषधाच्या डब्यावर काढणीआधी जितके दिवस सोडायला सांगितलेत तितके उरले नसतील, तर पंप बाहेर काढूच नये, हे माझं ठाम मत.

मक्यात कणसाच्या मधला दाणा उपटून मी त्याचं टोक नखाने खरवडतो. काळा थर दिसला की दाणा पक्व. पण तेव्हाही ओलावा ३० ते ३५ टक्के असतो, घाई नको. मग खालच्या पेरांजवळ खोड चिमटीत दाबायचं. पिचलं तर खोडकूज. तो पट्टा सगळ्यांत आधी काढायचा, नाहीतर एका वाऱ्यात आडवा होतो.

सोयाबीनचा ओलावा १३-१४ टक्क्यांवर आला की थांबू नका, फार वाळलं तर शेंगा रानातच तडकतात. आणि बियाणं ठेवायचं असेल तर मळणीयंत्राच्या फिरण्याचा वेग कमी ठेवा. सोयाबीनची साल फार नाजूक असते.