हवाईचे दोघे: पलिला आणि मंक सील

दोघेही रज्जुमान (कणा असलेल्या प्राण्यांचा ज्यात समावेश होतो त्या) संघातले, पण वर्गापासूनच वाटा फुटतात. पलिला हा गाणारा पक्षी, पॅसेरिफॉर्मिस गणातला, फिंचांच्या कुळातला. सील सस्तन, मांसभक्षी गणातला. २०१४ मध्ये सीलची प्रजाती (जीनस) मोनॅकसवरून निओमोनॅकस झाली.

निसर्ग संवर्धनाच्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत पलिला ‘अतिसंकटग्रस्त’, सील ‘संकटग्रस्त’. पलिला आता हवाईतल्या मौना केआ या डोंगराच्या उतारावरच उरलाय. मामाने या झाडाची हिरवी शेंग पायाखाली दाबून तो चोचीने फाडतो आणि इतरांना विषारी ठरणारं बी खातो. मोकाट मेंढ्या-बकऱ्या याच झाडाची रोपं फस्त करतात. सील अडकतो जाळ्यांत, गळांत.

मांजर मात्र दोघांच्याही जिवावर उठलंय. पलिलाची घरटी ते लुटतं. मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात पोहोचून सीलला मारतो. तिथे मांजर मोकळं सोडूच नये.