तुम्ही विचारलंत म्हणून: घरात आयसीचाच अ‍ॅम्प का?

"काका, एवढं सगळं करता आणि हॉलमध्ये आयसीचा अ‍ॅम्प?"

म्हणजे स्पीकर वाजवणारा असा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याचं जवळजवळ सगळं सर्किट एकाच चिपमध्ये असतं. आयुष्यात एकदा तरी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेला जो कोणी घरी येतो, तो हे विचारतोच. पुतण्याच्या मित्रांनी विचारलं, ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, गेल्या रविवारी तर एकाने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारलं. तोंडाने म्हणत नाहीत, पण मनात असतं की याला सुटे ट्रान्झिस्टर जमत नाहीत, म्हणून एलएम३८८६ ही तयार चिप ठोकून मोकळा झालाय.

जमतात हो. जॉन लिन्स्ली हूड या इंग्लिश डिझायनरचं क्लास एचं, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून पूर्ण करंट सतत वाहता ठेवणारं सर्किट मीही केलंय, १९६९ सालचं. चॅनेलला चार ट्रान्झिस्टर, जेमतेम १० वॉट, आणि आवाज गोड, त्यात वाद नाही. पण २७ व्होल्टला १.२ अँपिअर, म्हणजे गाणं वाजो न वाजो, प्रत्येक चॅनेलचे ३२ वॉट नुसते तापण्यात जातात. आमचं घर ठाण्यात, कोपरीला, दुसऱ्या मजल्यावर, हॉलला एसी नाही. मे महिन्यात आई म्हणाली, "पंखा त्याच्याकडेच वळव, आम्ही जिन्यात बसतो." तो विषय तिथे संपला.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळं. ते एका प्रीसेटचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून ठेवायच्या छोट्या रेझिस्टरचं आहे.

२००८ साली क्लास एबी केला, म्हणजे गाणं नसताना थोडाच करंट घेणारा. प्लस-मायनस ३५ व्होल्ट, शेवटी ५२००-१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, प्रत्येक ट्रान्झिस्टरला "ओरिजिनल ना?" विचारायचं आणि दुकानदाराने मान डोलवायची. सगळं नियमाने केलं. आधी सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावला, कुठे शॉर्ट असेल तर तो पेटलेलाच राहतो; तो एकदा भपकन पेटला आणि मंदावला. आउटपुटला डीसी १२ मिलिव्होल्ट. एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट, म्हणजे १०० मिलिअँपिअर बायस, गाणं नसतानाही पॉवर ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट. रात्रभर चालू ठेवला, काटा हलला नाही. मग बाबांच्या स्पीकरना जोडला. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकुलती एक वस्तू.

बायस धरून ठेवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरला जो प्रीसेट असतो, तो मी कलेक्टर आणि बेसच्या मध्ये घातला होता. ज्या कागदावरून उतरवलं त्यावर तसाच होता, आणि मी विचार केला नाही. प्रीसेट साधा, उघडा, कार्बनचा. आमच्याकडे खाडीचा वारा, त्यात जुलै. कपाटातल्या चपला हिरव्या होतात तिथे त्या पट्टीचं काय होणार? एक दिवस वायपरने, म्हणजे पट्टीवर फिरणाऱ्या टोकाने, पट्टी सोडली. बेसला करंट मिळेना, छोटा ट्रान्झिस्टर बंद पडला आणि बायस एकदम वर, जेवढा जाईल तेवढा.

रविवार सकाळ. बाबांनी किशोरीताई लावल्या होत्या, मी आत दाढी करत होतो. धप्प असा एकच आवाज आला. बाहेर आलो तर डाव्या वूफरचा कोन पुढे येऊन तसाच थांबलेला. हलत नव्हता, थरथरतही नव्हता, श्वास रोखून धरावा तसा. मग वास. कॉइलचं वार्निश जळतं तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. वाढलेल्या बायसने तापून पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट, आणि ३५ व्होल्ट डीसी सहा ओहमच्या कॉइलवर, म्हणजे २०० वॉट, सरळ उष्णता. फ्यूजही गेला, पण कॉइलनंतर.

असा डीसी आला की जोडणी तोडून स्पीकर वाचवणारा रिले? आणला होता की. ड्रॉवरमध्ये, पाकिटात. पुढच्या रविवारी लावणार होतो.

बाबा म्हणाले, "उजवा ठीक आहे ना?" मग म्हणाले, "खिडकी उघडी ठेव जरा."

कॉइल नवीन भरून घेतली. तरी डावा तेव्हापासून किंचित बसका आहे. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, फक्त त्यांची खुर्ची वीतभर डावीकडे सरकली.

तेव्हापासून मी कुठलंही सर्किट बघताना आवाजाच्या गप्पा बाजूला ठेवतो आणि ते बिघडेल तेव्हा काय करेल एवढं बघतो. आयसी तापला तर स्वतः हात आखडता घेतो, आउटपुट शॉर्ट झालं तरी सहसा तगतो. सांभाळायचं थोडंच: गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, दहाच्या खाली नको, आणि या चिपच्या टी प्रकारात पाठीच्या पत्र्यावर मायनस रेल, म्हणजे सप्लायचे उणे व्होल्ट असतात, तेव्हा हीटसिंकपासून वेगळं ठेवणारं अभ्रक विसरू नका.

यावर माझ्यातला तेव्हाचा पोरगा गप्प बसत नाही. तो म्हणतो, चूक सर्किटची की तुझी? प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मध्ये असता तर सुटल्यावर बायस उलट खाली आला असता, आवाज थोडा फाटला असता, बस. रिले पाकिटाबाहेर असता तर तेवढ्यावर निभावलं असतं. आणि तुझा आयसी फुटला तर तोही रेल आउटपुटवर ढकलू शकतोच की.

बरोबर आहे त्याचं. या अ‍ॅम्पलाही रिले लावलाय, तो म्हणूनच. मग आयसीने मिळवलं काय? खरं सांगायचं तर त्यात प्रीसेट नाही. माझ्या हाताने फिरवून ठेवावं असं काहीच नाही. याला शहाणपण म्हणायचं की भीती, ते तुम्ही ठरवा. मला रोज वेगळं वाटतं.

आणि तोच क्लास एबी मी पुन्हा केलाय, हेही सांगून टाकतो. प्रीसेट योग्य जागी, सीलबंद मल्टिटर्न, रिले बोर्डवरच. डबा तीन वर्षं माळ्यावर आहे. परवा बाबांनी वर बघत विचारलं, "तो कधी काढणार?"

म्हटलं, "पावसाळा जाऊ दे."